वर्गात बांधा आणि शरीराचे घटक शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी

हा धडा पहिल्यांदा शिकवायला गेलो तेव्हा काखेत वजनकाटा होता. एकेकाला काट्यावर उभं केलं, उंची घेतली, आकडे फळ्यावर मांडले आणि त्यांवरून गणितं करून घेतली. आकडेमोड झकास झाली. मधल्या सुट्टीनंतर वर्गात आलो तर फळ्यावरचा एकच आकडा पुसलेला होता, तळहाताने, घाईघाईत. कुणी पुसला ते मी विचारलं नाही. कुणाचा होता ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

पुढच्या वर्षीपासून वजनकाटा घरीच राहिला, आणि गंमत म्हणजे धडा जास्त चांगला व्हायला लागला. खाली जो क्रम दिलाय तो त्यानंतर हळूहळू बसत गेलेला आहे. साधारण बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी पाच तास धरा. तराजू, ५०० मिलिलिटरचं मोजपात्र, खाद्यतेल आणि मीठ एवढंच साहित्य लागतं.

आधी स्वतःशी ठरवायच्या गोष्टी

वर्गातल्या कुणाचंही शरीर मोजायचं नाही, उदाहरणाला घ्यायचं नाही, आणि कौतुकानेही त्याकडे बोट दाखवायचं नाही. "हा बघा, कसा पिळदार आहे" हे वाक्य ज्याच्याबद्दल आहे त्याला सुखावतं. मागच्या बाकावरचा मात्र लगेच स्वतःच्या दंडाकडे बघतो. तुमचं स्वतःचं शरीरही याच नियमात येतं. "मी किती सुटलोय बघा" असं म्हणून वर्गाला हसवायचा मोह होतो, पण सुटणं ही हसण्याची गोष्ट आहे असा पाठ त्यातून नकळत दिला जातो.

उदाहरणांसाठी काल्पनिक माणसं घ्या आणि त्यांना नावंही देऊ नका. नाव दिलं की त्या नावाचं कुणीतरी वर्गात निघतंच. अ आणि ब पुरेसे आहेत.

पहिला तास: शब्द

पाटी-पुस्तक बाजूला ठेवून मुलांना विचारा, माणसाचा बांधा सांगायला आपल्याकडे कोणकोणते शब्द आहेत? फळा दहा मिनिटांत भरतो. सडपातळ, शिडशिडीत, किडकिडीत, हाडकुळा, काटक, दणकट, धिप्पाड, गुटगुटीत, लठ्ठ, ठेंगणा, आडव्या बांध्याचा, हाडापेराने मजबूत. मग कुणीतरी हळूच "पाप्याचं पितर" म्हणतं आणि हशा पिकतो. तो पिकू द्या, कारण पुढचं काम त्याच्यावरच आहे.

आता या शब्दांची वाटणी करायची. कोणता शब्द हाडांच्या सांगाड्याबद्दल बोलतो, कोणता चरबीबद्दल, कोणता स्नायूंबद्दल, आणि कोणता नुसता चिडवायला आहे? "हाडापेराने मजबूत" उघडच सांगाड्याचा. "लठ्ठ" चरबीचा. "काटक" मात्र अडतो. काटक माणूस दिसायला बारीक असतो, पण "किडकिडीत" म्हटल्यावर जो दुबळेपणा डोळ्यांपुढे येतो तो त्याच्यात नसतो. म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन शरीरांच्या आत वेगळं काहीतरी असू शकतं, हे भाषेने आधीच ओळखून ठेवलंय. या धड्याचा अर्धा गाभा त्या एका शब्दात आहे, म्हणून त्यावर रेंगाळा.

"गुटगुटीत" आणि "लठ्ठ" यांवरही बोलता येतं. तान्ह्या बाळाने बाळसं धरलं की घर आनंदतं. तीच चरबी, वय बदललं की शब्द बदलतो.

चिडवण्याचे शब्द तासाच्या शेवटी मुलांकडूनच पुसून घ्या. पुढच्या तासांना ते कुणी वापरले तर फार भाषण न करता "तो शब्द आपण पुसलाय" एवढंच म्हणायचं.

दुसरा तास: वजनाच्या आत काय असतं

७० किलोचा प्रौढ पुरुष फळ्यावर एका चौकटीसारखा काढा आणि मुलांना अंदाजाने त्याचे भाग पाडायला सांगा. बहुतेक मुलं हाडांना निम्मी चौकट देतात. प्रत्यक्षात मज्जा वगैरे धरून सगळा सांगाडा दहा किलोच्या आसपास भरतो. हाडांना जोडलेले स्नायू साधारण २८ किलो. उरलेल्यात चरबी, त्वचा, रक्त, आतले अवयव. "माझी हाडंच जड आहेत" हे वाक्य घरोघर ऐकू येतं. सांगाड्यात फरक असतोच, पण दहा किलोच्या वस्तूमुळे वजनात वीस किलोंचा फरक पडणार नाही, हे मुलं स्वतःच सांगतात.

मग तीच चौकट दुसऱ्या रीतीने कापा, पाणी आणि बाकीचं. प्रौढ पुरुषात सुमारे ६० टक्के पाणी, स्त्रीत ५० ते ५५, नवजात बाळात ७५ च्या आसपास. स्त्रीत कमी का, असा प्रश्न यायला हवा. आला नाही तर तुम्ही टाका. स्नायूंचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणी असतो आणि चरबीच्या ऊतीत ते फार कमी असतं. त्यामुळे जिथे चरबीचं प्रमाण थोडं जास्त तिथे पाण्याचं प्रमाण आपोआप उतरतं.

इथेच चरबीची बाजूही मांडून घ्या, कारण मुलांच्या मनात ती खलनायक असते. मज्जारज्जूत, अस्थिमज्जेत, अवयवांभोवती असलेली काही चरबी जगायलाच लागते. तिला अत्यावश्यक चरबी म्हणतात. पुरुषात ती वजनाच्या सुमारे ३ टक्के आणि स्त्रीत सुमारे १२ टक्के धरली जाते. चरबी निष्क्रिय साठाही नव्हे. १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि चरबीच्या पेशी भुकेबद्दल मेंदूला निरोप पाठवतात हे स्पष्ट झालं. त्वचेखालची चरबी आणि पोटात अवयवांभोवती साठणारी चरबी यांतला फरकही सांगा. आजारांशी दुसरीचा संबंध जास्त आहे. फार खोलात जायची गरज नाही.

तिसरा तास: तेल, मिठाचं पाणी आणि एक सूत्र

जिवंत माणसातली चरबी कापून तर मोजता येत नाही, मग कळते कशी? या प्रश्नाने तास सुरू करा आणि उत्तर देण्याची घाई करू नका. वर्गात कुणाला तरी आर्किमिडीज आठवतोच.

युक्ती अशी. मानवी चरबीची घनता दर मिलिलिटरला सुमारे ०.९ ग्रॅम असते. चरबी सोडून उरलेल्या सगळ्या शरीराची मिळून सुमारे १.१. तेव्हा अख्ख्या शरीराची घनता समजली तर दोघांचं प्रमाण काढता येतं. त्यासाठी विल्यम सिरी या अमेरिकी शास्त्रज्ञाचं सूत्र सर्रास वापरलं जातं: चरबीची टक्केवारी म्हणजे ४९५ भागिले घनता, वजा ४५०. (हे सिरी १९६३ च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेचे उपनेतेही होते. मागच्या बाकांना जागं करायला ही माहिती उपयोगी पडते.)

सूत्र दिल्यावर पहिल्यांदा टोकं तपासायला लावा. घनता १.१ टाकली की उत्तर ० येतं, ०.९ टाकली की १००. सूत्र आकाशातून पडलेलं नाही, हे मुलांना या दोन ओळींत पटतं.

आता प्रयोग. एक लिटर पाण्यात साधारण १६० ग्रॅम मीठ विरघळवलं की घनता १.१ च्या जवळ जाते. हे झालं चरबीविरहित शरीर. चरबीच्या जागी तेल. तराजूवर मोजून ४०० ग्रॅम मिठाचं पाणी आणि १०० ग्रॅम तेल घ्या, म्हणजे वीस टक्के "चरबी" असलेलं ५०० ग्रॅमचं शरीर तयार झालं. दोन्ही मोजपात्रात ओता. तेल वर तरंगेल, तरंगू द्या, आपल्याला एकूण आकारमान हवंय. ते ४७२ मिलिलिटरच्या आसपास येईल. ५०० भागिले ४७२ केल्यावर घनता मिळेल ती सूत्रात घाला.

उत्तर २० यायला हवं. येतं १७ किंवा १८.

नवे शिक्षक इथे गडबडतात आणि "प्रयोगात थोडी चूक होतेच" म्हणून पुढे सरकतात. सरकू नका, सगळी गोडी इथे आहे. खाद्यतेलाची घनता ०.९२ च्या घरात असते आणि सूत्राने ०.९ गृहीत धरलेली आहे. गृहीत चुकलं की उत्तर चुकतं. मग विचारा, माणसांच्या बाबतीत हे गृहीत कुठे चुकेल? वाढत्या वयाच्या मुलांमध्ये. त्यांची हाडं अजून पुरती भरलेली नसतात आणि शरीरात पाणी जास्त असतं, त्यामुळे चरबीविरहित भागाची घनता १.१ पेक्षा कमी भरते. प्रौढांचं सूत्र मुलांना लावलं की चरबी आहे त्यापेक्षा जास्त दाखवली जाते. वर्गातली मुलं हे ऐकताना जरा सरसावून बसतात.

दुसरी गंमत. मोजपात्रात पाच मिलिलिटर जास्त वाचले गेले असं समजून पुन्हा गणित करा. आकारमानात फक्त एक टक्का फरक, पण चरबीचं उत्तर पाच टक्क्यांनी उडी मारतं. माणसाला पाण्याखाली बसवून मोजतात तेव्हा हेच संकट फुप्फुसातल्या हवेचं असतं. पूर्ण श्वास सोडल्यावरही फुप्फुसात सव्वा लिटरच्या आसपास हवा उरतेच. ७० किलोच्या माणसाचं आकारमान ६६.७ लिटर असेल तर चरबी सुमारे २२ टक्के येते. ती १.२ लिटर हवा वजा करायची राहिली तर ३० टक्के. माणूस तोच, श्वास तेवढा विसरला.

स्नायू चरबीपेक्षा जड असतात का, हा प्रश्न याच तासात निघतो. किलोला किलो सारखाच, जागा वेगळी. स्नायूची घनता सुमारे १.०६ आहे, तेव्हा एक किलो स्नायू साधारण ९४० मिलिलिटर जागा घेतो आणि एक किलो चरबी ११०० च्या थोडी वर. इंटरनेटवर दोन गोळ्यांची चित्रं फिरतात, त्यांत चरबीचा गोळा दुप्पट-तिप्पट दाखवलेला असतो. मुलांना चित्र दाखवून गणित करायला सांगा, चित्राचा निकाल तीच लावतात.

चौथा तास: बीएमआय, आणि तो काय सांगत नाही

बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स. सूत्र सोपं आहे. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. फळ्यावर अ आणि ब उभे करा. दोघेही प्रौढ, दोघांची उंची १७५ सेंटिमीटर, वजन ८० किलो. दोघांचाही बीएमआय २६.१. पंचवीसच्या वर म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात दोघेही "जादा वजन". आता पत्ते उघडा. अ च्या शरीरात १२ टक्के चरबी आहे, ब च्या ३० टक्के. अ कडे ९.६ किलो चरबी, ब कडे २४ किलो. काट्याला आणि सूत्राला दोघे जुळे वाटतात.

हे नुसतं कागदी उदाहरण नाही. १९४२ साली अमेरिकी नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांनी अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंना पाण्याखाली तोललं. वजन-उंचीच्या कोष्टकांप्रमाणे त्यांतले बरेचसे सैन्यभरतीला नालायक ठरणारे जाडे होते. घनता काढल्यावर दिसलं की जास्तीचं वजन स्नायूंचं आहे.

बीएमआयचा जन्म सांगितला की त्याची मर्यादाही आपोआप कळते. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि सांख्यिकीतज्ज्ञ अदोल्फ केतले एकोणिसाव्या शतकात "सरासरी माणूस" शोधत होते. लोकसमूहात वजन उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतं, हे त्यांचं निरीक्षण. एकट्या-दुकट्या माणसाची चरबी मोजणं त्यांच्या डोक्यात नव्हतं. बीएमआय हे नाव १९७२ मध्ये अँसल कीज यांच्या अभ्यासातून आलं. हजारो माणसांचा कल बघायला हे साधन आजही कामाचं आहे. एका माणसाबद्दल ते फार तर "पुढे तपासून बघा" एवढं म्हणू शकतं.

एक इशारा वर्गाला ठसवून द्या. १८.५, २५, ३० हे आकडे प्रौढांचे आहेत. मुलांसाठी त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या मुलांशी तुलना करणारे वेगळे तक्ते असतात. पाच ते एकोणीस वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली असे तक्ते दिले. तेरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर स्वतःचा बीएमआय काढून प्रौढांच्या कोष्टकात बघतो, आणि हे तो आज संध्याकाळी करणारच आहे. म्हणून वर्गातच सांगून ठेवलेलं बरं.

वेळ उरला तर यंत्रांवर दोन शब्द. पायाखाली ठेवायचे "चरबी सांगणारे" काटे शरीरातून अगदी क्षीण वीज सोडतात. पाणी आणि क्षार असलेल्या स्नायूंतून ती सहज जाते, चरबीत अडखळते. म्हणजे काटा प्रत्यक्षात विरोध मोजतो आणि चरबी अंदाजाने सांगतो. पाणी कमी-जास्त प्यायलं, नुकताच व्यायाम झाला, की आकडा हलतो. चिमटीत त्वचेची घडी धरणारे कॅलिपर मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतात. डेक्सा यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरून हाड, चरबी आणि बाकीचा भाग वेगळा दाखवतं. कॅलिपर वर्गात आणलाच तर टॉवेलाच्या घड्यांवर वापरा. दहा मुलांनी एकच घडी मोजली की दहा आकडे येतात आणि मुद्दा संपतो.

पाचवा तास: तीन बांध्यांची गोष्ट

एक्टोमॉर्फ, मेसोमॉर्फ, एंडोमॉर्फ हे शब्द मुलांनी व्यायामाच्या व्हिडिओंत ऐकलेले असतात, त्यामुळे हा भाग टाळता येत नाही. बरीच पुस्तकं इथूनच सुरुवात करतात. मी मुद्दाम शेवटी ठेवतो. आत काय असतं ते कळल्याशिवाय बाहेरचे साचे दिले की मुलं लगेच एकमेकांना साच्यात बसवायला लागतात.

माणसांचे साचे पाडायची हौस जुनी आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अर्न्स्ट क्रेचमर यांनी १९२१ साली कृश, पिळदार आणि गोलसर असे प्रकार मांडले आणि त्यांचं नातं मानसिक आजारांशी जोडलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० मध्ये वरचे तीन शब्द रूढ केले. नावं गर्भातल्या पेशींच्या थरांवरून घेतली: अंतःस्तरावरून एंडोमॉर्फ, म्हणजे गोलसर, मध्यस्तरावरून मेसोमॉर्फ, म्हणजे स्नायू-हाडांनी भरलेला, आणि बाह्यस्तरावरून एक्टोमॉर्फ, म्हणजे उंच-सडपातळ.

व्हिडिओंत न सांगितलं जाणारं एक कलम आहे. खुद्द शेल्डननेही माणसाला एका खोक्यात टाकलं नव्हतं. प्रत्येकाला तिन्ही गुण, १ ते ७ अंकांत, एंडो, मेसो, एक्टो या क्रमाने. १-७-१ म्हणजे टोकाचा मेसोमॉर्फ, ४-४-४ म्हणजे अगदी मधला. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी पडतात. फळ्यावर त्रिकोण काढा, तीन कोपऱ्यांना तीन नावं द्या आणि ५-३-२, २-३-५, ३-५-२ असे काल्पनिक ठिपके मांडायला सांगा. कोपरे रिकामेच राहतात.

शेल्डनचं दुसरं म्हणणं मात्र साफ कोसळलं. बांध्यावरून स्वभाव कळतो, गोलसर माणूस ऐषआरामी आणि सडपातळ माणूस लाजाळू, आणि बांधा जन्मभर बदलत नाही, असं तो सांगत होता. त्याची रीतही वादग्रस्त ठरली. अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे विवस्त्र फोटो काढून तो गुण देत असे, आणि पुढे असे पुष्कळ फोटो नष्ट केले गेले. मोठ्या वर्गांना हे सांगा. संशोधकाने कुणाच्या शरीराकडे कसं बघावं यावर चांगली चर्चा होते.

१९६७ मध्ये बार्बरा हीथ आणि लिंडसे कार्टर यांनी नजरेच्या अंदाजाऐवजी मापं आणली. उंची, वजन, त्वचेच्या चार घड्या, हाडांच्या दोन रुंद्या, दंड आणि पोटरीचा घेर, अशी दहा. त्यांच्या पद्धतीत हा गुणांक म्हणजे आजच्या शरीराचं वर्णन. सराव, आहार, वय यांनी तो बदलतो. खेळाडूंच्या अभ्यासात ही पद्धत अजून वापरात आहे. "तुमचा प्रकार ओळखा आणि त्याप्रमाणे खा" या सल्ल्याला मात्र भक्कम पुरावा नाही. हे गुळमुळीत न बोलता स्पष्ट सांगा.

जे प्रश्न येतात

"माझा प्रकार कोणता?" हा पहिला. उत्तर: तुझं शरीर अजून बनतंय, आत्ताचा ठिपका दोन वर्षांनी त्याच जागी नसेल. याला आधार द्या. उंचीची मोठी झेप मुलींत साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांत चौदाव्याच्या आसपास येते. त्या काळात मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, मुलांत स्नायूंचं. एकाच बाकावरच्या दोघांच्या झेपेत दोन-तीन वर्षांचं अंतर असणं अगदी सामान्य आहे. मुलींना हे वेगळं काढून सांगू नका, सगळ्या वर्गापुढे सांगा. मुलांनीही ते ऐकायला हवं.

"पोटाचे व्यायाम केले की पोटाची चरबी जाते ना?" व्यायामाने त्या जागचे स्नायू बळकट होतात. चरबी कुठून आधी उतरणार ते व्यायामाची जागा ठरवत नाही.

"वजन किती असायला हवं?" याला वर्गात आकडा द्यायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आणि काही प्रश्न तास संपल्यावर, दारापाशी घुटमळत येतात. एखादं मूल जेवण टाळायला लागलंय, सारखं वजनाबद्दल बोलतंय, व्यायाम चुकला तर घाबरंघुबरं होतंय, असं दिसलं तर त्याच्याशी एकट्याने शांतपणे बोला, वजनाचा विषय स्वतःहून काढू नका, आणि पालक व डॉक्टर किंवा समुपदेशकापर्यंत गोष्ट न्या. ते आपल्या अभ्यासक्रमातलं काम नाही आणि एकट्याने पेलायचंही नाही.

परीक्षा घेताना

व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा अ आणि ब यांनाच पुन्हा बोलवा. "अ चा बीएमआय २६.१ आहे. त्याला वजन कमी करायला सांगावं का? ठरवण्याआधी आणखी कोणती माहिती मागाल?" या प्रश्नाला हो किंवा नाही लिहिणाऱ्याला मी निम्मे गुण देतो. पूर्ण गुण माहिती मागणाऱ्याला. एकदा एका उत्तरपत्रिकेत आलं होतं, "आधी अ ला विचारावं, त्याला सांगून हवंय का." त्याला किती गुण द्यावेत यावर मी बराच वेळ लाल पेन हातात धरून बसलो होतो.